आठ घरांचा उजेड

"परवा शुक्रवारी माझी बायको आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करणार आहे, बू," तुगिरान म्हणाला. "आणि रागाच्या भरात करणार आहे. मला तिला थांबवायचंय, पण तिच्याशी बोलताच येत नाही."

बुधवारची सकाळ होती. तुलुंगआगुंगच्या बसस्टँडमागच्या गल्लीत बू विरात्मीची, म्हणजे विरात्मीबाईंची, कचेरी होती. वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात लोकांची बोलणी जोडून दिल्यावर तिनं हा उद्योग मांडला होता. परदेशी कामाला गेलेल्या बायकांचा ठावठिकाणा काढायचा, पळालेल्या एजंटांना हुडकायचं. तिचा कामातला जोडीदार कांग जुमादी, म्हणजे जुमादीदादा, पोलिसातून निवृत्त झालेला. नोकरीत त्यानं दोनच गोष्टी मन लावून केल्या होत्या, गस्त आणि जेवण. त्यातली गस्त आता सुटली होती.

"बोलता येत नाही म्हणजे? फोन उचलत नाही का ती?" जुमादीनं विचारलं.

"फोन लागला तर उचलणार ना!"

मग त्यानं सगळं सांगितलं. विनार्सी हाँगकाँगला एका घरात कामाला होती. मालकीण तिचा फोन दिवसभर कपाटात ठेवायची. मालकिणीच्या मुलाला शाळेतून आणायला निघाली की तो हातात मिळायचा. शाळेच्या फाटकापाशी तिला अर्धा तास उभं राहावं लागे. इकडे त्यांच्या गावी, सुंबरवारूत, तेव्हा तीन वाजलेले असत, असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची बांग होत असे. दोन वर्षं रोज त्या अर्ध्या तासात तिचा व्हिडिओ फोन यायचा.

"आणि गेले तीन आठवडे नेमकी त्याच वेळेला आमची लाइन मरते. साडेतीनला पुन्हा जिवंत. मी लिहून पाठवतो, लाइन गेली होती. ती लिहिते, रोज? माझ्याच वेळेला?"

"मोबाइलवरून?"

"आमच्या घरात मोबाइलची एक दांडी आली तरी नशीब, बू. डोंगर आडवा येतो."

"मग दुसऱ्या गल्लीतून करायचा कुणाच्या तरी घरून."

"केला ना! म्हणाली, हे घर कुणाचं? आपलं का दाखवत नाहीस? आत कोण आणून ठेवलंयस?" तुगिरानचा आवाज चिरकला. "मी नुसती आमची भिंत तिला दाखवायला तडफडतोय. निंग्रुमचा पुढचा दात पडला. सहा वर्षांची पोर, आईला दात दाखवायचा म्हणून रोज तीनला वेणी घालून बसते."

जुमादीनं घसा खाकरला. "सरळ आहे. कुणीतरी तार उपटतंय. तुमच्या संसारावर डोळा कुणाचा?"

तुगिराननं मान खाली घातली. "प्रायित गावात इंटरनेट चालवतो. लग्नाआधी त्यानं विनार्सीला मागणी घातली होती. आणि समोरच्या टपरीवाली कासियाती. विधवा आहे. ती आम्हाला अधूनमधून जेवण पाठवते. गाव काय वाट्टेल ते बोलतं."

"लाइन जाते तेव्हा राउटरवर तांबडा दिवा लागतो का?" विरात्मीनं विचारलं.

"नाही. तांबडा नाही. हिरवा आहे तो उघडझाप करत राहतो."

"बघितलंत नीट?"

"तीन आठवडे दुसरं काय बघतोय मी?"

विरात्मीनं ते वहीत टिपलं आणि हेल्मेट उचललं.

*

प्रायितची खोली मशिदीच्या मागे होती. आत एक मशीन घरघरत होतं. त्यातून पाच पिवळ्या तारा निघून खिडकीबाहेर जात होत्या, गावच्या पाच गल्ल्यांना एकेक.

"गल्लीला एकच तार? घरं तर आठ आहेत," जुमादी म्हणाला.

"एकच," प्रायित म्हणाला. तो काटकुळा, पायात रबरी चपला, बोलताना मशीनकडेच बघणारा. "आत केसाएवढी काच असते, तिच्यातून उजेड जातो. गल्लीच्या खांबावर डबी आहे, डबीत स्प्लिटर. तिथे त्या उजेडाच्या आठ सारख्या वाटण्या होतात. घराला एक वाटणी."

"म्हणजे तुगिरानच्या बायकोचं बोलणं आठही घरांत जातं?" जुमादीचे डोळे मोठे झाले.

"जातं, पण कुलूप लावून. ज्याचं त्याच्याच राउटरला उघडतं. बाकीचे सोडून देतात."

"आणि घराकडून तुझ्याकडे?" विरात्मीनं विचारलं.

"त्याच तारेतून उलटं. राउटरही उजेड पाडतो. आठांचे उजेड स्प्लिटरमध्ये एक होऊन इथे येतात. सगळे एकदम आले तर कालवाकालव. म्हणून मशीन पाळी लावतं. आता तू, आता तू. डोळ्याचं पातं लवायच्या आत आठांच्या कितीतरी पाळ्या होऊन जातात."

"स्प्लिटर बिघडला असेल," जुमादीनं निकाल दिला.

"मलाही वाटलं. गेल्या आठवड्यात नवा घातला. काडीचा फरक नाही. तसा त्यात बिघडायला आहे काय? वीज नाही, बटण नाही. नुसती काच."

"आणि काचेला घड्याळ कळत नाही," विरात्मी म्हणाली. "लाइन जाते तेव्हा तुझ्या मशीनवर काय दिसतं?"

"त्या गल्लीतली आठही घरं यादीतून एकदम गायब. बाकीच्या गल्ल्या झकास. वेळ रोज तीनच असते असंही नाही. दोन अठ्ठावन्न, तीन चार, असं मागेपुढे. मी खांबावर चढून उजेड मोजला. पुरेपूर येतोय."

"किती वाजता मोजलास?"

"चार वाजता."

"ताप तीनला आणि डॉक्टर चारला!"

प्रायित ओशाळला. "तीनला मी असरला असतो, बू. आणि तक्रार एकट्या तुगिरानची. बाकीचे त्या वेळी शेतात नाहीतर झोपेत."

"तीन आठवड्यांपूर्वी गावात काही घडलं होतं?"

"वीज पडली होती. दोन घरांचे राउटर गेले, कासियातीचा आणि म्बाह सामिनेमचा. म्बाह म्हणजे आजी, तुगिरानच्या शेजारची म्हातारी. दोघींना नवे दिले. कासियातीनं जुना परत केला. म्हातारी म्हणाली, भंगारवाला घेऊन गेला. जाऊ दे म्हटलं, तिच्याशी कोण वाद घालणार."

"विनार्सीला तू मागणी घातली होतीस म्हणे," विरात्मी त्याच सुरात म्हणाली.

प्रायितनं पहिल्यांदा मशीनवरची नजर काढली. "सात वर्षं झाली त्याला. ती नाही म्हणाली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण म्हणून कुणी पोरीची आई तोडतं का?"

*

कासियातीची टपरी गल्लीच्या तोंडाशी होती आणि स्प्लिटरचा खांब तिच्या दारातच. टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, भजी तळता तळता तिनं दोघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"आलात? गावानं माझं नाव सांगितलं असेलच. सहा वर्षांच्या पोरीला बाप रोज अंडंभात घालतो, म्हणून मी पालेभाजी पाठवते. त्यात गावाला आणखी काही दिसत असेल तर गावानं डोळे तपासावेत."

"तुमची लाइनसुद्धा जाते का?" विरात्मीनं हसू दाबत विचारलं.

"जाते की. तीनला माझी मालिका लागते आणि रोज बोंब. मागच्या सोमवारी तेवढी अख्खी बघायला मिळाली."

तुगिरान दचकला. "मागच्या सोमवारी? त्या दिवशी मालकिणीचं पोरगं आजारी होतं. विनार्सी शाळेकडे गेलीच नव्हती." त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

विरात्मीनं कासियातीचा राउटर पाहिला. तीन आठवड्यांचा नवा कोरा, पण कढईच्या वरच फळीवर असल्यानं काळपट झालेला. मागे फायबरचा हिरवा प्लग होता. त्याच्यावर तेलकट काजळीचा थर बसला होता.

तीनला दहा कमी असताना विरात्मीनं जुमादीला बाजूला घेतलं. "प्रायितला बोलावून घे आणि दोघे इथेच बसा. खांब, प्रायित, कासियाती, तिघांवरून नजर हलवू नकोस."

"आणि भजी?"

"खा. डोळ्यांनी खात नाहीस ना?"

स्वतः ती तुगिरानच्या घरी गेली. निंग्रुम चटईवर बसली होती. धुतलेला झगा, ओल्या केसांची घट्ट वेणी. बापानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता, म्हणजे आईला पोर पूर्ण दिसेल.

बांग सुरू झाली. फोन वाजू लागला, तुगिराननं झडप घातली, पडद्यावर एक चेहरा उमटल्यासारखा झाला आणि तिथेच विरला. राउटरवरचा हिरवा दिवा उघडझाप करू लागला. तांबडा लागला नाही. विरात्मी त्या दिव्यांकडे बघत राहिली, कारण पोरीकडे तिला बघवत नव्हतं.

"आजपण नाही?" निंग्रुमनं विचारलं.

"आजपण नाही," तुगिरान म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

टपरीत जुमादी गोंधळून बसला होता. "बू, खांबाला माशीसुद्धा शिवली नाही. कासियाती तळत होती. प्रायित माझ्यासमोर सहावं भजं खात होता. आणि तरी हिची मालिका बंद पडली!"

साडेतीननंतर लाइन आली. विरात्मी जुमादीला घेऊन गल्लीत घरोघर हिंडली. कुठे राउटरमागे कोळ्याचं जाळं, कुठे बोटभर धूळ. हिरव्या प्लगला बसवल्यापासून कुणी हात लावलेला दिसला नाही.

शेवटचं घर म्बाह सामिनेमचं. तुगिरानची आणि तिची भिंत एकच. तिनं बऱ्याच वेळानं दार उघडलं. सत्तरी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटं चपळ. बोलता बोलताही तिची केळीच्या पानात टेंपे बांधायची लगबग चालूच होती. जुमादीपुढे तिनं न विचारता ताटली ठेवली.

राउटर खिडकीतल्या स्टुलावर होता. वर विणलेला रुमाल, रुमालावर धूळ. विरात्मीनं मागे वाकून पाहिलं. हिरवा प्लग लखलखत होता.

भिंतीवर विमानतळावरचा एक फोटो होता. एजन्सीचं जाकीट घातलेली, हसणारी मुलगी.

"माझी मुर्तिना," म्हातारी म्हणाली. "हाँगकाँगला गेली, चार वर्षं झाली. दोन वर्षं फोन यायचा. मग थांबला."

"किती वाजता यायचा?"

"कधीही. तिचं काही ठरलेलं नव्हतं. विनार्सीचं बरं होतं, तीनला म्हणजे तीनला. या भिंतीतून तिचं हसणं ऐकू यायचं. टेंपे बांधत मी ऐकत बसायची. आपली नाही तर दुसऱ्याची लेक तर हसते, असं वाटायचं." तिचे हात क्षणभर थांबले. "आता तिचाही येत नाही. तिकडूनच उजेड कमी सोडत असतील का गं?"

"दुपारी तुम्ही झोपता, म्बाह?"

"झोपते. दार लावून."

"गावाबाहेर जाणं होतं का कधी?"

"कुठलं! मागच्या सोमवारी तेवढं भाचा डोळे दाखवायला घेऊन गेला होता. संध्याकाळ झाली यायला."

"आणि हा नवा राउटर? बरा चालतो?"

"चालतो म्हणतात." म्हातारीनं त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "फोनवर त्याचं नाव दिसतं ना, ते नुसते आकडे आहेत म्हणे. जुन्याचं नाव मुर्तिनानं स्वतः ठेवलं होतं. 'मुर्तिनाचं घर'. दिवेसुद्धा लागत होते त्याचे, तरी प्रायित म्हणे बिघडला."

बाहेर आल्यावर जुमादी म्हणाला, "म्हातारीचं घर मात्र स्वच्छ हो. प्लगसुद्धा चकाचक. मला विचाराल तर प्रायितनं मशीनमध्ये घड्याळ लावून ठेवलंय. उद्या उचलू त्याला."

"कुणाला उचलायचं नाहीये, कांग. म्हणूनच अवघड आहे," विरात्मी म्हणाली. "उद्या अडीचला सगळ्यांना टपरीत बोलव. म्हातारीला हात धरून आण."

*

गुरुवारी टपरीच्या बाकड्यांवर सगळे जमले. तुगिरान आणि मांडीवर निंग्रुम. त्यांच्यापासून शक्य तितक्या लांब प्रायित. कढईमागे कासियाती. जुमादी म्हातारीच्या शेजारी.

"तुगिरानला वाटलं, कुणीतरी त्याचा संसार मोडतंय," विरात्मीनं सुरुवात केली. "मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून पहिला प्रश्न, तार कोण तोडतं? प्रायित, तू तुझ्या खोलीतून तार काढलीस तर घरात काय दिसेल?"

"तांबडा दिवा. आठही घरांत."

"खांबावर कुणी तार उपटली तर?"

"तेच. तांबडा. उजेड आला नाही की तांबडा लागतो."

"तांबडा एकदाही लागला नाही. काल मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे उजेड घरापर्यंत येत होता. तार शाबूत, स्प्लिटर शाबूत. काल तीनला खांबाजवळ कुणी नव्हतं, प्रायित आणि कासियाती जुमादीच्या समोर होते. आणि प्रायित, तू मशीनला घड्याळ लावलं असतंस, तर वेळ रोज मिनिटाला मिनिट तीच आली असती. ती मागेपुढे होते. म्हणजे हे रोज एक माणूस हातानं करतं."

"पण उजेड येतोय तर लाइन मरते कशी?" जुमादीनं सर्वांच्या मनातलं विचारलं.

"उजेड येतो, जात नाही. प्रायितनं उत्तर काल आपल्याला सांगूनच ठेवलं होतं. स्प्लिटर दोन्हीकडून चालतो. येताना एकाचे आठ करतो, जाताना आठांचा एक. आठ माणसं आणि माईक एक. पाळीनं बोलले तर सगळ्यांचं ऐकू येतं. पण एकानं माईक धरला आणि सोडलाच नाही तर?"

प्रायित ताडकन उभा राहिला. "पाळी सोडून सतत उजेड पाडणारा राउटर! तो लावला की मशीनला बाकी कुणाचं ऐकूच येणार नाही. आठही घरं गायब. आणि मी मूर्ख, नुसता येणारा उजेड मोजत बसलो, तोही चार वाजता."

"असा राउटर कुठून येईल? विजेनं जळालेला. दिवे लागतात, पण पाळी पाळायचं आतलं ज्ञान गेलेलं. या गल्लीत असे दोन होते. कासियातीचा तुला परत मिळाला."

विरात्मी म्हातारीकडे बघत नव्हती.

"बाकी सगळ्या घरांत प्लगला धूळ आहे, जाळी आहे. कासियातीचा राउटर तीनच आठवड्यांचा, तरी काजळीनं माखलाय. त्याच दिवशी बसवलेल्या दुसऱ्याचा प्लग मात्र लखलखीत. वरच्या रुमालावर धूळ आणि प्लग लखलखीत, म्हणजे पुसलेला नाही, हाताळलेला. रोज. मागच्या सोमवारी ते हात गावाबाहेर होते, आणि त्या एका दिवशी कासियातीला मालिका अख्खी दिसली."

तेवढ्यात मशिदीतून बांग सुरू झाली. म्बाह सामिनेम बाकडं धरून उठली.

"मला घरी जायला पाहिजे," ती घाईघाईनं म्हणाली. "असर झाली. तीन वाजले."

विरात्मीनं उठून तिचे दोन्ही हात धरले. "आज नको, म्बाह. आज जुना राउटर जिथे ठेवलाय तिथेच राहू दे."

म्हातारी पुन्हा बाकड्यावर बसली. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी काही मोडलं नाही," ती म्हणाली. "प्रायित कसा लावतो ते बघितलं होतं. हिरवं काढायचं, टक् वाजेपर्यंत आत ढकलायचं. अर्धाच तास लावत होते. मग नवा पुन्हा जोडून ठेवायची. तिनं स्वतः नाव ठेवलंय त्याला. मुर्तिनाचं घर. ती तिकडून त्याच नावानं शोधत असेल ना? त्या आकड्यांना माझं घर कसं म्हणेल ती? मला वाटायचं, तिचा फोन येऊन परत जात असेल."

"पण तीनलाच का, म्बाह?" तुगिराननं विचारलं. त्याच्या आवाजात राग होता, पण तो कुठे टेकवावा ते त्याला कळत नव्हतं.

"तुझ्याकडे तीनलाच यायचा की! मला वाटलं, तिकडचा उजेड तीनला सोडतात."

कासियातीनं पदरानं डोळे पुसले आणि गॅस बंद केला.

"हेच मला आधी कळेना," विरात्मी हळू म्हणाली. "नेमकी विनार्सीची वेळ. म्हणजे तिच्या वाईटावर कुणीतरी आहे, असं सगळे धरून चाललो. तिचं वाईट कुणालाच नको होतं. भिंतीपलीकडे जे मिळत होतं तसलंच आपल्यालाही मिळावं, एवढंच कुणाला तरी हवं होतं."

समोर तुगिरानच्या घरात फोन वाजू लागला.

निंग्रुम मांडीवरून उडी मारून पळाली. तिच्यामागून तुगिरान, चपला टपरीतच टाकून.

*

फोनच्या पडद्यावर विनार्सी शाळेच्या फाटकाच्या गजांपाशी उभी होती. काही क्षण ती नुसती बघत राहिली, आज चित्र हलत कसं राहिलंय म्हणून.

"घर दाखव," ती म्हणाली.

तुगिराननं फोन उचलला. भिंत दाखवली. चूल, चटई, दोरीवरचा तिचा जुना कुडता, दोन उशा. निंग्रुमनं मध्येच घुसून आ वासला आणि जिभेनं खिंडार दाखवलं. विनार्सी हसली, हसता हसता रडू लागली, आणि शेजारी उभ्या बायका बघताहेत म्हणून रस्त्याकडे वळली.

तुगिराननं भराभर सगळं सांगितलं. वीज, जुना राउटर, म्हातारी. "आता कळलं ना? मी लपवत नव्हतो काही. उद्या सही करू नकोस, विनार. करार संपायला महिना राहिलाय, दिवस मोजतोय मी. ये."

विनार्सीनं नजर फाटकाकडे वळवली.

"काल संध्याकाळी केली," विनार्सी म्हणाली. "एजंट दोन दिवस आधीच कागद घेऊन आला. मला वाटलं, घर दाखवत नाहीस म्हणजे दाखवण्यासारखं काही उरलं नसेल. मग परत येऊन करू काय?"

तुगिरान मटकन चटईवर बसला. दारात विरात्मी उभी होती. आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या त्या बाईला आज एका संध्याकाळचा उशीर झाला होता आणि ते तिला फार लागलं. पोरीला काही कळलं नव्हतं, ती अजून आ वासून बसली होती.

जुमादीच्या हाताला धरून म्हातारी आत आली. फोन कुठे आहे ते तिनं आवाजावरून ओळखलं आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"पोरी, तुझे तीन आठवडे मी खाल्ले. आणि आता दोन वर्षं. मला काय बोलायचं ते बोल."

विनार्सीनं तोंड पुसलं. बोलायचं पुष्कळ होतं, ते तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. तिनं एकदा तुगिरानकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि मग बराच वेळ म्हातारीच्या अंधुक डोळ्यांकडे.

"म्बाह," ती म्हणाली, "मुर्तिना कुठल्या घरी कामाला होती?"

"पत्ता पाठ आहे मला."

"सांगा. रविवारी सुट्टी असते. मी इथेच आहे आता."

तिनं पिशवीतून पेन काढलं. कागद सापडेना म्हणून तळहात पुढे केला. म्हातारी सरळ बसली. त्या भाषेतला एक शब्द तिला कळत नव्हता, पण चार वर्षं रोज घोकलेला पत्ता तिनं एकही अक्षर न चुकता सांगायला सुरुवात केली. रस्ता, इमारत, तिचा आकडा.

पलीकडे शाळेची घंटा झाली. फाटक उघडलं, मुलं लोटली, चित्र हेलकावे खाऊ लागलं. मालकिणीचा मुलगा विनार्सीचा हात ओढू लागला.

"चला, चला म्हणतोय हा," तिचा आवाज गर्दीतून आला. "मजला, म्बाह? मजला कितवा?"

"सतरावा," म्हातारी ओरडली. "सतरावा मजला, पोरी. लिहिलंस का? सतरावा."

"लिहिलं," विनार्सी म्हणाली.